लाल डबा खाली, आकडा सम

१

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, घाईगडबडीत नाही. डोकं शांत ठेवून, मनातल्या मनात भागाकार करून खोटं बोललात. एक माणूस नुकताच मेला होता आणि तुम्ही सगळ्यांसमोर एक आकडा ठेवलात: दोन लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे बेचाळीस. त्या आकड्याच्या जिवावर तुम्ही सांगितलंत की दोर धडधाकट आहे, मंडळाचा काही दोष नाही, दोष त्या पोराचा आहे. तुमचं नाव इथे घेतलेलं नाही. आरशात बघाल तेव्हा ते तुम्हाला आपोआप आठवेल.

झालं ते असं. वरच्या वस्तीतून खालच्या गावात यायला दरीवरून रोपवे आहे. दोन डबे, एक लाल आणि एक निळा, एकाच दोराला बांधलेले. लाल खाली आला की निळा वर पोचतो आणि निळा खाली आला की लाल वर. वळणावळणाचा रस्ताही आहे, पण तो जीपवाल्यांसाठी. दुखणाईत माणूस, शाळेतली पोरं, भाजीच्या पाट्या, सगळं या दोन डब्यांतूनच जातं-येतं.

त्या दिवशी सकाळी दरीत धुकं होतं. लाल डबा खालच्या स्टेशनात आपल्या जागी उभा होता. ग्रीसवाला डब्यापुढच्या खड्ड्यात उतरून डब्याचा धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगला ग्रीस लावत होता. पहिली फेरी सुटायची होती. डबा हातभर पुढे सरकला. नुसता हातभर. ग्रीसवाला डबा आणि भिंत यांच्यात सापडला. त्याला ओरडायलाही फुरसत मिळाली नाही.

डबा सोडायच्या खटक्याजवळ एकच माणूस होता, खालच्या स्टेशनचा चालक. संध्याकाळी त्याला कोठडीत टाकलं.

त्याची थोरली बहीण वरच्या वस्तीतल्या शाळेत गणित शिकवायची. सगळी वस्ती तिला बाई म्हणायची. बातमी आली तेव्हा ती सातवीच्या वर्गात फळ्यावर मूळ संख्या लिहीत होती. निरोप ऐकून तिने खडू खाली ठेवला, आणि मग कितीतरी वेळ तिला वर्गाकडे तोंड वळवता येईना.

२

कोठडीत धाकटा भिंतीला पाठ लावून बसला होता. ताईला बघून उठला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. खटक्याला हात लावलेला नव्हता. ग्रीसकाका खड्ड्यात उतरतात तेव्हा खटक्यावर लाल फडकं टाकायची पद्धत होती आणि फडकं टाकलेलं होतं. डबा आपणहून सरकला. वर चाकावर दोर घसरला असणार. दोर जुना झालाय, रात्री थंडीत कण्हल्यासारखा आवाज करतो, हे ग्रीसकाका सहा महिने सांगत होते. मागच्या तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, दोराचं वय कानांनी मोजत नाहीत.

रोपवे चालवणाऱ्या मंडळाचं म्हणणंही सरळ होतं. दोराचं आयुष्य तीन लाख फेऱ्या. डबे एकदा या टोकाहून त्या टोकाला गेले की एक फेरी. नवा दोर चढवला तेव्हा वरच्या यंत्रघरातला फेऱ्या मोजणारा आकडा शून्यावर आणला होता. तेव्हापासून तो दर फेरीला एकाने पुढे सरकतो. अपघातानंतर पंचांसमोर आकड्यावरचं झाकण उघडलं. आकडा निघाला दोन लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे बेचाळीस. म्हणजे तीन लाख व्हायचे होते. म्हणजे दोर चांगला. चांगला दोर घसरत नाही, म्हणजे खटका ओढला. दोर चांगला ठरल्यामुळे रोपवे दुसऱ्याच दिवशी चालूही केला. चौकशी परवा, आणि चौकशीनंतर धाकट्याची रवानगी तुरुंगात.

बाईने त्याला विचारलं, फडकं कोणी पाहिलं होतं का. त्याने नकारार्थी मान हलवली.

"ताई, मला आता काही खात्रीच वाटत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन दिवस सगळे एकच सांगतायत. आकडा तसा आहे म्हणजे मीच ओढला असेन. झोपेत ओढला असेन. तुला काय वाटतं? आकडा चुकतो का गं?"

 इतकी वर्षं बाई पोरांना हेच शिकवत आली होती, की माणसं खोटं बोलतात, आकडा बोलत नाही.

३

परतताना ग्रीसवाल्याच्या घरावरून जायलाच लागायचं. काकू, ग्रीसवाल्याची बायको, दारात बसल्या होत्या. बाईने मान खाली घालून पुढे जायचं ठरवलं, पण काकूंनी हाक मारली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

"तुझ्या भावाला माझ्या हातची भाकर गोड लागायची," त्या म्हणाल्या. "आता तू हिशेब मांडणार आहेस म्हणे. मांड. पण मला एवढंच सांग, तो आकडा खरा की खोटा? खरा असेल तर पुन्हा या दारावरून जाऊ नकोस."

तिथून बाई मॅनेजरकडे गेली. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, फक्त पेन्शन दिसायला लागलेला माणूस होता. त्याने आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग खुर्ची दिली.

अपघातानंतर आणि पंच यायच्या आधी यंत्रघरात कोण एकटं गेलं होतं, हे तिने विचारलं. त्याने लपवलं नाही. तिघे. किल्ली घेऊन तो स्वतः, मोटर बंद करायला मिस्त्री, आणि दुपारी जीपने आलेले तपासनीस साहेब. झाकणाला शिशाचं सील असतं. सील मारायचा चिमटा साहेबांकडे असतो आणि दुसरा मॅनेजरच्या कपाटात. मिस्त्रीला चिमटा लागत नाही, तो शिसं वितळवून पुन्हा ओतू शकतो. म्हणजे मनात आणलं तर तिघांपैकी कोणीही झाकण उघडू शकत होता. आणि दोर म्हातारा ठरला तर तिघांचीही नोकरी जात होती, कारण वेळेवर दोर मागायचं काम मॅनेजरचं, दोर तपासायचं मिस्त्रीचं आणि त्यावर सही करायचं साहेबांचं.

"पण बाई, नाद सोडा," मॅनेजर म्हणाला. "आकड्याला हात लावला तर पकडलं जातं. ग्रीसची तीन चाकं आहेत ना."

ती चाकं अशी. आकड्याच्याच दांड्यावरून तीन छोटी दातेरी चाकं फिरतात. एकाला सात दाते, एकाला अकरा, एकाला तेरा. दर फेरीला प्रत्येक चाक एक दात पुढे जातं आणि पूर्ण गिरकी झाली की आपापल्या जागी ग्रीसचा गोळा ढकलतं. नवा दोर चढला तेव्हा तीही शून्यावर लावली होती. म्हणजे आकड्याला सातने भागून जी बाकी उरेल, तितक्याव्या दातावर सातचं चाक असलं पाहिजे. अकराचं आणि तेराचंही तसंच. आकडा फिरवला तर ही तिन्ही चाकं लगेच चुगली करणार. पंचांनी चाकं बघितली होती. सातचं तिसऱ्या दातावर, अकराचं दुसऱ्या, तेराचं आठव्या.

बाईने तिथेच बसून भागाकार केला. सातने भागून बाकी तीन. तिचा हात थोडा थांबला. अकराने भागून बाकी दोन. आता तिला उरलेला भागाकार करावासा वाटेना. मॅनेजर तिच्याकडे बघत होता, म्हणून केला.

तेराने भागून बाकी आठ.

आकड्याच्या बाजूने तीन साक्षीदार उभे होते, आणि तिघेही लोखंडाचे. धाकट्याच्या बाजूने एक फडकं होतं, तेही कोणी पाहिलेलं नव्हतं.

४

घरी आल्यावर तिने दिवा लावला नाही. उंबऱ्यावर संध्याकाळच्या उजेडात पाटी मांडीवर घेऊन बसली. तिला भीती वाटत होती ती भाऊ तुरुंगात जाईल याची नव्हती. भीती ही होती, की तो खोटं बोलत असेल आणि तिला ते कळणारच नाही.

तिने प्रश्न उलटा केला. समजा चोर अडाणी नाही. समजा त्यालाही भागाकार येतो. तिन्ही चाकांना पत्ता न लागता आकडा मागे न्यायचा असेल तर किती मागे न्यावा?

जितका मागे नेला त्याला सातने पूर्ण भाग गेला पाहिजे, अकराने गेला पाहिजे आणि तेरानेही. सात अकरे सत्त्याहत्तर. सत्त्याहत्तर तेरे एक हजार एक. हीच ती पायरी. एक हजार एकने मागे जा, दोन हजार दोनने जा, पंधरा हजार पंधराने जा, तिन्ही चाकं झोपलेलीच राहतात. त्यांना काही कळत नाही. त्यांच्या बाक्या जशाच्या तशा.

 म्हणजे चाकांची साक्ष सांगते तेवढी पक्की नव्हती. पण ‘चोरी करता येते’ आणि ‘चोरी झाली’ यांत दरीएवढं अंतर होतं. एवढ्यावर कोणी धाकट्याला सोडणार नव्हतं.

सकाळी ती यंत्रघरात मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हातारा, कानाने जरा कमी आणि तोंडाने जास्त. चाकं त्याच्याच हातची होती. पंचांनी आकडा वाचला तेव्हा तो तिथे नव्हता. ग्रीसवाल्याला घेऊन दवाखान्यात गेला होता. एक हजार एकची गोष्ट ऐकून तो तिच्याकडे बघतच राहिला.

"मला तुमच्यासारखं गणित येत असतं तर मी इथे तेलात कशाला लोळलो असतो?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "माझ्यावर संशय आहे ना? असू दे. मी तुमच्या जागी असतो तर मीही पहिला मिस्त्रीच धरला असता."

आकडा शिशाच्या सीलखाली झाकलेला होता. तो बघायचा नाही, हात लावायचा नाही. बाईने दांडा बघितला. आकडा त्या दांड्यावर, तिन्ही चाकं त्याच दांड्यावर, आणि टोकाला एक चपटी चकती. ती कसली, तिने विचारलं. मिस्त्री म्हणाला, घंटेची. फेरी संपली की दोन्ही स्टेशनांत घंटा वाजते. आकडा सम असेल तर दोन ठोके, विषम असेल तर एक. धुक्यात डबे दिसत नाहीत, म्हणून सोय. शून्यावर सुरुवात केली तेव्हा लाल डबा खाली होता. त्यामुळे लाल खाली आला की आकडा सम आणि दोन ठोके, असं मंडळाच्या नियमपुस्तकात लिहिलंय. मग तो हसला आणि म्हणाला, पुस्तकात काहीही लिहितात.

कारण बाईलाही ठाऊक होतं, वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी मोटर जळाली होती आणि वस्तीतल्या एकीला कळा सुरू झाल्या होत्या. लाल डबा वर होता. तिला त्यात झोपवून सगळ्या वस्तीने हातदांडा फिरवून डबा पार खालपर्यंत उतरवला होता. सगळ्यांच्या पुढे धाकटा होता. बाईच्या तळव्यांना तेव्हा फोड आले होते. माणसं बसवून डबा हाताने उतरवायला मंडळाची सक्त मनाई. म्हणून मॅनेजरने ते वर कळवलं नाही, आणि वस्तीनेही तोंड शिवलं. हाताने ओढताना दोर मोटरपासून सोडवलेला असतो, त्यामुळे आकड्याचा दांडा फिरला नाही, ती फेरी मोजलीच गेली नाही. बाळ मात्र झालं, मुलगी, आता शाळेच्या पटांगणात पडते-धडपडते.

बाई आभार मानून निघाली. दारातच तिला तपासनीस साहेब भेटले. उंच, इस्त्रीचे कपडे, अंगाला अत्तराचा मंद वास. जीप बाहेर उभी होती. तिच्या हातातल्या पाटीकडे बघून ते गोड हसले.

"छान अक्षर आहे बाई तुमचं. उद्या चौकशीत भाऊ एकटाच उभा राहील असं बघा. घरातली दोन माणसं एकाच वेळी अडचणीत आली तर शाळा कोण चालवणार?"

५

चौकशी खालच्या स्टेशनातच होती. बाईला खाली जायचं तर डब्यातूनच जायला हवं होतं. लाल डबा वर उभा होता. दारात पाय ठेवताना तिने नकळत दोराकडे बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. वरच्या चाकाजवळ दोराच्या तारा घासून चकचकीत झाल्या होत्या.

डब्यात एक तान्हं पोर घेतलेली आई होती, एक म्हातारा होता आणि दुधाच्या रिकाम्या किटल्या होत्या. डबा सुटला. थोड्याच वेळात धुक्याने सगळं खाऊन टाकलं. वर दोर नाही, खाली दरी नाही, बाजूला काही नाही. नुसता पांढरा अंधार आणि त्यात एक कण्हणं.

मग डबा घसरला.

चार बोटं, फार तर वीतभर.  किटल्या एकमेकींवर आपटल्या. डबा थांबला, झुलला, पुन्हा चालायला लागला. कोणी ओरडलं नाही. आईने पोर छातीशी इतकं आवळलं की ते रडायला लागलं.

"दमला असेल बिचारा," म्हातारा दोराबद्दल म्हणाला. कोणी हसलं नाही. तोही हसला नाही.

बाईला कळून चुकलं की धाकटा खरं बोलत होता. पण आता ते कळून काय उपयोग? जे तिच्या अंगाला कळलं होतं ते चौकशीत मांडता येत नव्हतं. दांडी घट्ट धरून ती तोच आकडा पुटपुटत राहिली, जसं भुताला भिणारं माणूस देवाचं नाव घेतं. दोन लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे बेचाळीस. सातने बाकी तीन. अकराने दोन. तेराने आठ. आणखी कशाने भागू? तीननेही भाग जात नाही, बाकी एक उरते. पाचने बाकी दोन. दोनने बाकी शून्य.

डबा खालच्या स्टेशनात टेकला. घंटा वाजली, एक ठोका.

 दोनने भागायला ती सगळ्यात शेवटी आली होती. ज्याने पहिलीतलं पोरही भागतं, त्या दोनने.

पंचांनी आकडा वाचला तेव्हा लाल डबा खालीच होता. आकडा होता सम. तेव्हापासून किती का फेऱ्या होईनात, लाल खाली आला की आकडा समच असणार. आणि सम आकड्याला घंटा दोन ठोके देते. देते म्हणजे काय, दिलेच पाहिजेत. आकडा आणि घंटा एकाच दांड्यावर आहेत. हात लावल्याशिवाय त्यांची फारकत होऊ शकत नाही.

आणि घंटेने एकच ठोका दिला होता.

६

चौकशीची खोली म्हणजे उतारूंची बसायची जागा. टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष, शेजारी तपासनीस साहेब, एका कोपऱ्यात मॅनेजर, दुसऱ्यात मिस्त्री. धाकट्याला दोन शिपायांच्या मध्ये उभं केलं होतं. मागे वस्तीतली माणसं, आणि त्यांच्यात काकू, पदर तोंडावर धरून.

बाई उभी राहिली.  तिने साहेबांना एकच गोष्ट विचारायची परवानगी मागितली. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघून दिली.

"साहेब, लाल डबा खाली आला की घंटेचे ठोके किती पडतात?"

"दोन," साहेब म्हणाले. ताबडतोब, आणि थोडं कंटाळून.

 मग मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मिस्त्री कमी ऐकायचा, त्याने शेजारच्याला विचारलं आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. साहेबांनी सगळ्यांची तोंडं बघितली. आपण काय बोललो ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

बाईने अध्यक्षांना सांगितलं की या खोलीतल्या कोणत्याही माणसाला विचारा, त्या तान्ह्या पोराच्या आईला विचारा. तीन वर्षं झाली, लाल खाली आला की एकच ठोका पडतो. का, तेही तिने सांगितलं. हातदांड्याची गोष्ट तिने पहिल्यांदा मंडळाच्या तोंडावर सांगितली. मॅनेजरने डोळे मिटून घेतले.

मग तिने पाटी टेबलावर उभी केली आणि वर्गात सांगते तसं सांगायला लागली. 

घंटा सांगते की लाल खाली असताना आकडा विषम. पंचांनी वाचलेला आकडा सम. दोघं एकाच दांड्यावर. म्हणजे आकडा कोणीतरी हाताने फिरवला, आणि विषम संख्येने फिरवला. तिन्ही चाकं मात्र जुळतात. म्हणजे ज्या संख्येने फिरवला तिला सातने, अकराने आणि तेराने भाग जातो. ती एक हजार एकच्या पटीत आहे. हे असं चुकून होत नाही. हे भागाकार येणाऱ्या माणसाने, चाकांचे दाते ठाऊक असणाऱ्या माणसाने, मुद्दाम केलं.

आता तिघांपैकी कोण? मिस्त्रीने केलं असतं तर त्याने आकडा विषमच ठेवला असता, कारण ठोका एकच पडतो हे त्याला माहीत आहे. मॅनेजरने केलं असतं तरी विषमच ठेवला असता, तो रोज ती घंटा ऐकतो. झाकण उघडल्यावर लाल खाली आणि आकडा विषम हे बघून फक्त एकच माणूस दचकला असता. ज्याने फक्त नियमपुस्तक वाचलंय तो. त्याला वाटलं, हे कोणाच्या तरी नजरेला येईल. म्हणून त्याने एक हजार एकची आणखी एक पायरी घेतली आणि आकडा सम केला.

"खरा आकडा पुस्तकाप्रमाणे चुकीचा होता," बाई म्हणाली. "तुम्ही तो बरोबर केलात, साहेब. त्यामुळेच तुम्ही सापडलात. ज्या दोरावर तुम्ही दर सहा महिन्यांनी सही करता, त्या दोरावरून तुम्ही एकदाही खाली आला नाहीत. एकदा जरी आला असता तरी ठोका ऐकला असता."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. ते म्हणाले की घंटेची चकती झिजली असेल. मिस्त्री उठून म्हणाला, पोलादाची आहे, चला दाखवतो. साहेब म्हणाले की शाळेतल्या बाईच्या बेरीज-वजाबाकीवर मंडळ चालत नाही.  अध्यक्ष पाटीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. भागाकार करत होते. करून झाल्यावर त्यांनी विचारलं, मग खरा आकडा किती?

हा प्रश्न येणार हे बाईला ठाऊक होतं, आणि तिला त्याचीच सगळ्यात जास्त भीती होती.

"ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "आकडा स्वतःबद्दल इतकंच सांगतो. तो एक हजार एकने मागे गेला, की त्याच्या तिप्पट, की सत्त्याहत्तर पट, ते पुसलं गेलंय. पण एक हजार एक फेऱ्यांसाठी कोणी सील तोडत नाही. तीन लाख उलटून किती झाले, ते जगात एकाच माणसाला माहीत आहे. तो तुमच्या शेजारी बसलाय."

७

अध्यक्षांनी चौकशी पुढे ढकलली. पुढची तारीख दिली नाही. धाकट्याला सोडायचं की नाही यावर वर विचार होईल. दोर बदलायचा की नाही यावरही वर विचार होईल. तोवर रोपवे बंद ठेवायचा हुकूम आहे का, बाईने विचारलं. अध्यक्ष म्हणाले, कागदोपत्री दोर अजून चांगलाच आहे.

"मग चला," बाई म्हणाली. "वर यंत्रघरात जाऊन आकडा आणि घंटा एकदा सोबत बघू. लाल डबा उभा आहे."

तिने स्वतः जाऊन डब्याचं दार उघडलं. दोर वर कुठेतरी कण्हला. धुकं स्टेशनाच्या छपरापर्यंत आलं होतं. अध्यक्ष उंबऱ्यापर्यंत आले आणि खिशात काहीतरी शोधायला लागले. तपासनीस साहेब जागचे हलले नाहीत. त्यांनी शिपायाला विचारलं, जीप कुठे आहे.

हे सगळ्यांनी पाहिलं. धाकट्याने पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची मान वर झाली.

काकू माणसांतून वाट काढत पुढे आल्या. त्यांनी पदर तोंडावरून काढला. बाईला वाटलं, त्या आता आपल्याशी बोलतील. त्या धाकट्यासमोर क्षणभर थांबल्या, त्याच्या बेड्यांना हात लावला आणि पुढे जाऊन साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या.

"माझा माणूस तुम्हाला सांगत होता, दोर म्हातारा झालाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला म्हणालात, दोराचं वय कानांनी मोजत नाहीत. बरं. तुम्ही मोजलंत ना? मग सांगा. तो खड्ड्यात उतरला तेव्हा खरा आकडा किती होता?"

साहेब, तुम्ही त्या दिवशी जीपमध्ये बसून निघून गेलात. दोर अजून चालू आहे. सकाळच्या फेरीला लाल डब्यात शाळेची पोरं असतात आणि त्यांचं वजन तो दोर पेलेल की नाही हे धुक्यात कोणाला दिसत नाही. बाई अजून विचारते आहे, काकू अजून विचारताहेत, कोठडीतला तो पोरगा विचारतो आहे. प्रश्न अवघड नाही. तुम्ही तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचलात, स्वतःच्या बोटांनी मागे नेलात.

खरा आकडा किती?